उरलेले १५६ तास

आठवड्याचे तास १६८. त्यातले १२ तास किडनीचा पेशंट डायलिसिसला माझ्याकडे असतो, तीन वेळा चार-चार तास. उरलेले १५६ तास तो तुमच्या घरी. हा हिशेब मी नव्या नातेवाइकांना पहिल्याच दिवशी सांगते. बहुतेकांना तो पटत नाही. रक्त गाळणारं एवढं मोठं मशीन, एवढ्या नळ्या, म्हणजे सगळं काम तेच करत असणार असं वाटतं.

मी नागपुरात २३ वर्षं डायलिसिस टेक्निशियन आहे. पहिली शिफ्ट सहाची असते, म्हणून सव्वापाचला नंदनवन भागातल्या घरून स्कूटी काढते. डॉक्टर नाही, त्यामुळे तुम्ही पाठवलेल्या पत्रांपैकी गोळ्यांचे डोस विचारणारी चार बाजूला ठेवली आहेत. ते तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टलाच, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांनाच विचारा. बाकीच्या पत्रांत आजारापेक्षा घरातली भांडणं जास्त आहेत, आणि ती मला तोंडपाठ आहेत. पेशंट आला की आधी वजनकाट्यावर उभा राहतो, आणि काटा घरातलं सगळं सांगून मोकळा होतो. काल लग्न होतं का, मुलगी माहेरी आली होती का, लोणच्याची बरणी कोणी उघडली का.

प्रश्न : ताई, माझे सासरे ६४ वर्षांचे आहेत. दीड वर्षापासून डायलिसिस सुरू आहे. दोन डायलिसिसच्या मध्ये चार-साडेचार किलो वजन वाढतं. आम्ही फ्रिजला कुलूप लावलं, माठ उचलून ठेवला. तरी ते बाथरूमच्या नळाचं पाणी पितात. परवा माझ्या नवऱ्याने त्यांच्यावर हात उगारला. मे महिना कसा काढायचा? — एक सून, मानेवाडा

आधी कुलूप काढा. बाथरूमचा नळ तुम्ही बंद करू शकत नाही, आणि चोरून प्यायलेलं पाणी मोजता येत नाही.

आमच्याकडे एक काका यायचे. गळ्यात पांढरा दुपट्टा. उन्हाळ्यात नागपुरात तो सगळ्यांच्याच गळ्यात असतो, त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही. दर वेळी काट्यावर पाच किलो जास्त आणि दर वेळी तेच उत्तर, "मी तं पाणीच नाही पेलो जी." एकदा सुई लावताना माझ्या मनगटावर थेंब पडला. पाहिलं तर दुपट्ट्याचं टोक ओलंचिंब. येताना बेसिनवर हात धुवायच्या निमित्ताने ते भिजवून घ्यायचे आणि मशीनवर पडल्या पडल्या चोखत राहायचे. मी ओरडणारच होते. पण त्याच वेळी त्यांच्या उशाशी मशीनमधून पाणी वाहत होतं. एका पेशंटच्या चार तासांना साधारण १२० लिटर शुद्ध केलेलं पाणी लागतं, मिनिटाला अर्धा लिटर. हा माणूस एका घोटासाठी फडकं चोखतोय आणि शेजारून हंडेच्या हंडे गटारात चाललेत. मी ते टोक त्यांच्या हातात परत दिलं.

तर सासऱ्यांचं. तुम्ही पाण्यामागे लागला आहात, आणि चोर मिठात बसलाय. मीठ पोटात गेलं की शरीर पाणी मागणारच. तिथे निश्चय वगैरे चालत नाही. त्यांच्या दिवसभराच्या खाण्यात लोणचं, पापड, ठेचा, चिवडा, रात्रीच्या वांग्याच्या भाजीचा रस्सा किती आहे ते आठवडाभर लिहून काढा. बाहेरून सावजीचं येत असेल तर तेही. दिवसाचं सगळं मिळून एक सपाट छोटा चमचा, म्हणजे पाचेक ग्रॅम मीठ, एवढ्यावर आणायचंय. स्वयंपाक घरभर एकच करा आणि बाकीच्यांनी आपल्या ताटात वरून मीठ घ्यावं. एकट्याला अळणी वाढलं की तो माणूस शेजाऱ्याकडे जाऊन चिवडा खातो. हे मी अनुभवाने सांगते, माझा शेजारीच खाऊ घालायचा. साखर असेल तर ती आटोक्यात आणा. रक्तात साखर चढली की घसा कोरडा पडतो आणि आपण उन्हाला दोष देतो.

आता पाण्याचं माप. चोवीस तासांत लघवी किती होते ते एका बाटलीत मोजा. तेवढं अधिक ५०० मिली, हा साधारण हिशेब. त्यांचा नेमका आकडा डॉक्टर सांगतील. लघवी अजिबात होत नसेल तर अर्धा लिटर. त्यात चहा आला, वरण आलं, ताक आलं, टरबुजाच्या फोडी आल्या, गोळ्या गिळायचं पाणीही आलं. सकाळी एका बाटलीत तेवढंच पाणी भरून त्यांच्याच ताब्यात द्या. चहा घेतला की कपभर पाणी त्या बाटलीतून झाडाला घाला. बाटलीवर मालकी त्यांची, तुमची नाही. माझ्या पाहण्यात यानं जेवढा फरक पडतो तेवढा कुलपाने कधी पडला नाही. त्यातलंच थोडं पाणी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. एक खडा तोंडात दहा मिनिटं पुरतो, तेवढंच पाणी घोटात दोन सेकंदांत संपतं. लोट्याऐवजी लहान फुलपात्र द्या. चूळ भरून थुंकायची सवय लावा. दुपारी बारा ते पाच कूलरसमोर.

घामाने पाणी निघून जातं, मग काय हरकत आहे, असं बरेच जण म्हणतात. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदलं गेलं, त्या दिवशीही मी कामावर होते. काट्यावर कोणाचं वजन घटलेलं नव्हतं. एक लिटर म्हणजे एक किलो, आणि ते मशीनलाच ओढून काढावं लागतं. ६० किलोच्या माणसातून चार तासांत तीन लिटरच्या वर काढायचं म्हटलं की बीपी पडतं, पायात गोळे येतात, उलटी होते, आणि हृदय रोज थोडं थोडं झिजतं ते तर दिसतही नाही. दोन वेळांच्या मध्ये दोन-अडीच किलोच्या आत राहिले तर त्यांनाच संध्याकाळी बरं वाटेल.

रात्री आडवं झोपता येत नाही, उठून बसावं लागतं, दम लागतो, असं झालं तर "परवा नंबर आहेच" म्हणू नका. त्याच रात्री न्या.

आणि तुमच्या यजमानांना माझं नाव सांगून सांगा: ज्याच्यावर हात उगारला तो माणूस बाथरूममध्ये जाऊन तोंडाला नळ लावतो, यापेक्षा जास्त लाज त्याला कोण देणार?

प्रश्न : आमची काटोलकडे संत्र्याची बाग आहे. वडील डायलिसिसवर. घरची संत्री सगळ्या गावाला जातात आणि बाबा बघत बसतात. दोन फोडी दिल्या तर चालतील का? — शेतकरी मुलगा

संत्र्यात पोटॅशियम असतं. शेवटच्या रिपोर्टमध्ये ते किती आलं, त्यावर उत्तर आहे. ते वाढलेलं असेल तर एकही फोड नाही. आटोक्यात असेल तर डॉक्टरांना विचारून दोन फोडी द्या, पण रस कधीच नाही. एका ग्लासात चार-पाच संत्री जातात, ते कोणी मोजत नाही. तीच गोष्ट नारळपाण्याची. दवाखान्याच्या दारातच शहाळ्यांची गाडी उभी असते आणि भेटायला आलेला प्रत्येक माणूस प्रेमाने एक घेऊन वर येतो. वाढलेलं पोटॅशियम आधी पायांतली ताकद काढून घेतं, कधी तेवढीही सूचना न देता हृदय थांबवतं. करंबळ, म्हणजे ते चांदणीसारखं कापलं जाणारं आंबट फळ, डायलिसिसच्या पेशंटला अजिबातच नाही, चवीलाही नाही; त्यातलं विष मेंदूवर जातं.

पोटॅशियम भाज्यांतही असतं, म्हणून त्या बारीक चिरून भरपूर पाण्यात भिजवा, नव्या पाण्यात उकळा, पाणी फेका, मग फोडणी द्या. बटाटा, टोमॅटो, पालेभाजी सगळ्यांना हेच. चव जाते, खरं आहे. लसूण, जिरं, सांबार म्हणजे कोथिंबीर घालून थोडी परत आणता येते.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही पण सांगते. 'लो सोडियम' लिहिलेलं मीठ घरात असेल तर ते बाबांच्या भाजीत घालू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम भरलेलं असतं. बीपीवाल्याला चालणारं हे मीठ किडनीच्या पेशंटला घातक ठरतं, आणि दुकानदाराला यातलं काही माहीत नसतं. सैंधव घेणाऱ्यांनाही सांगते, तेही शेवटी मीठच.

प्रश्न : आईचं डायलिसिस सुरू होऊन चार महिने झाले. आम्ही पथ्य काटेकोर पाळतो. डाळ बंद, अंडं बंद, दूध-दही बंद. तरी तिचे हात काडीसारखे झालेत. वजन मात्र तेवढंच आहे. — मुलगी, भंडारा

तुमच्या फ्रिजवर जुना डाएटचा कागद अजून चिकटवलेला आहे का? असणारच. तो डायलिसिस सुरू होण्याआधीचा आहे. तेव्हा किडनीवर भार नको म्हणून प्रोटीन कमी करायला सांगतात. डायलिसिस सुरू झालं की नियम उलटतो. प्रत्येक वेळी थोडं प्रोटीन मशीनमधून निघून जातं आणि ते भरून काढावं लागतं. वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज एक ते सव्वा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ५० किलोच्या बाईला ५० ते ६० ग्रॅम. नुसत्या भात-पोळीवर ते शक्य नाही. खात असतील तर अंड्याचा पांढरा भाग हा सगळ्यांत सोपा मार्ग. मासे, चिकन, बेताचं दही, बेताची घट्ट डाळ. किती आणि कशातून, ते आहारतज्ज्ञाकडून नव्याने लिहून घ्या आणि जुना कागद फाडून टाका. जेवणासोबत घ्यायची, अन्नातला फॉस्फरस अडवणारी गोळी असेल तर ती जेवणातच, दोन घासांच्या मध्ये. जेवणानंतर तासाने घेतली तर ती नुसती पोटात फिरून येते.

वजन तेवढंच का, हे मात्र नीट समजून घ्या. अंगावरचं मांस एक किलो उतरलं आणि त्याच्या जागी एक किलो पाणी साचलं, तर काटा हललेला दिसत नाही. आपण ज्याला ड्राय वेट म्हणतो, पाणी काढून उरलेलं खरं वजन, ते आईचं कमी झालेलं असणार. म्हणजे तिच्या अंगात पाणी राहून जातंय. सकाळी डोळ्यांखाली सूज, बीपी वाढलेलं, असं काही आहे का पाहा आणि ड्राय वेट पुन्हा ठरवून द्या म्हणून डॉक्टरांना सांगा. तुम्हीच सांगा. काट्यावरचा आकडा जुळला की गर्दीच्या शिफ्टमध्ये पुढे बघायचं राहून जातं, माझ्याकडूनही राहिलं आहे.

प्रश्न : वय २९, हिंगण्याला एमआयडीसीत नोकरी. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, ६ आहे. डॉक्टर म्हणतात, हातात फिस्टुला करून ठेव. मला अजून काहीच त्रास नाही. घरचे म्हणतात, हात चिरून घेऊ नको, एका वैद्याची पुडी सुरू करू. शिवाय माझ्यासाठी मुली पाहणं चालू आहे, हातावर खूण दिसेल. — नाव छापू नका

नाव छापलं नाही. आता ऐका.

फिस्टुला म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचता याव्यात म्हणून हाताची एक शीर धमनीला जोडतात. छोटं ऑपरेशन, हात बधिर करून होतं, बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी. उजव्या हाताने काम करत असाल तर डावा हात घेतात. पण जोडली म्हणजे लगेच वापरता येत नाही. शीर फुगून जाड व्हायला सहा ते आठ आठवडे, कधी जास्त लागतात. म्हणून ते आधी करायचं असतं. फिस्टुला केला म्हणजे उद्यापासून डायलिसिस, असं नाही. काहींचा वर्षभर नुसता तयार पडून असतो.

फिस्टुला नसलेले माझ्याकडे कसे येतात ते सांगते. रात्री अकराला स्ट्रेचरवर, तोंडातून फेस, श्वास धापा टाकत, आणि मानेत नळी घातलेली. त्या नळीतून जंतू सरळ रक्तात जातात. मशीनवर अर्ध्या तासात थंडी वाजून दात आपटायला लागले की आम्हाला कळतं, नळीला इन्फेक्शन झालं. त्यांच्यातल्या निम्म्याअधिक लोकांना कोणीतरी सहा महिने आधी "हात करून ठेवा" म्हटलेलं असतं, आणि त्यांनाही तेव्हा काहीच त्रास नसतो. किडनीचं हेच आहे, बोंब मारत नाही.

पुडीचं म्हणाल तर वैद्यकीवर माझा राग नाही, माझी आजी काढे करायची. पण ज्या पुडीवर आत काय आहे ते लिहिलेलं नाही, ज्यात भस्म असू शकतं, ती क्रिएटिनिन ६ असलेल्या माणसाने घेऊ नये. भस्मातला पारा आणि शिसं बरंचसं किडनीतून बाहेर पडायचं असतं. तुमच्याकडे तो दरवाजाच मोडकळीला आलाय.

फिस्टुला झाल्यावर त्या हाताने बीपी मोजू द्यायचं नाही, रक्त काढू द्यायचं नाही, सलाईन नाही, घट्ट घड्याळ नाही, त्या हातावर डोकं ठेवून झोपायचं नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली की स्पंजचा चेंडू दाबायचा व्यायाम. आणि रोज सकाळी उठल्यावर दुसऱ्या हाताची बोटं त्यावर ठेवायची. आत मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागते. एखाद्या सकाळी ती लागली नाही तर चहा नंतर, आधी दवाखाना. गुठळी झालेली असते, आणि काही तासांत गेलात तर फिस्टुला वाचवता येतो.

मुलीकडच्यांना सांगायचं का, हे तुम्ही विचारलं नाही, पण पत्र त्यासाठीच लिहिलंय. सांगायचं. पहिल्या भेटीत नाही, पण साखरपुड्याच्या आधी, तुमच्या तोंडून, रिपोर्ट हातात घेऊन. माझ्याकडे एका पेशंटची बायको आली होती, लग्नाला पाच महिने झालेले. नवऱ्याला मशीनवर पाहिलं तेव्हाच तिला कळलं. ती चार तास बाहेरच्या बाकावर मेंदी गेलेल्या हातांकडे बघत बसली होती. आत आली नाही. मी तिला चहा नेऊन दिला, तो तसाच गार झाला.

प्रश्न : आमचं गणेश मंडळ यंदा किडनीविषयी जनजागृती करणार आहे. रॅली, पोस्टर आणि डायलिसिसच्या रुग्णांना फळवाटप ठरलं आहे. आणखी काय करता येईल? — कार्यकर्ते, महाल

फळवाटप तेवढं रद्द करा हो. दर वर्षी कोणाचा ना कोणाचा वाढदिवस असतो, आणि गळ्यात उपरणी घातलेली दहा माणसं आमच्या वॉर्डात केळी आणि संत्री घेऊन येतात. पेशंटच्या हातात केळं, शेजारी भाऊ, फोटो. ते गेले की आम्ही पलंगापलंगाला फिरून केळी गोळा करतो. मग ती स्टाफ खातो. एका हिवाळ्यात इतकी केळी झाली की शेवटी कोणी घेईना.

रुग्णांना द्यायचंच असेल तर ब्लँकेट द्या. रक्त बाहेर फिरून येतं, एसी असतो, मे महिन्यातही पेशंट कुडकुडतात. ऑटोचं भाडं द्या. आठवड्यातून तीनदा जायचं-यायचं म्हणजे महिन्याला चोवीस-सव्वीस फेऱ्या होतात, आणि फुकट डायलिसिस असूनही लोक येणं बंद करतात ते या भाड्यापायी. हिमोग्लोबिन वाढवायची इंजेक्शनं घेऊन द्या, पण दवाखान्याला विचारून. सगळ्यांत मोलाचं म्हणजे एक माणूस द्या. सोबत बसेल, औषध आणेल, शिफ्ट सुटल्यावर चक्कर आलेल्या म्हाताऱ्याला जिन्यापर्यंत धरेल. मंडळात पोरं भरपूर आहेत ना? वार वाटून घ्या.

जनजागृतीचं. दर मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी जागतिक किडनी दिन असतो, तेव्हाही रॅली निघतेच. रॅलीने कोणाच्या लघवीतून प्रोटीन जातंय ते कळत नाही. मांडवाच्या मागे एक टेबल टाका आणि बीपी, साखर, लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे तेच प्रोटीन, एवढं तपासा. ज्यांचं काही निघेल त्यांनाच क्रिएटिनिनला पाठवा, आणि लॅबला वयानुसार ईजीएफआर, म्हणजे किडनी किती रक्त गाळते त्याचा अंदाज, काढून द्यायला सांगा. नुसतं क्रिएटिनिन फसवतं. बारीक अंगाच्या म्हातारीचं १.३ आणि पहिलवानाचं १.३ हे एक नव्हे. कोणाला आधी बसवायचं? शुगरवाले, बीपीवाले, ज्यांच्या घरी किडनीचा पेशंट आहे ते, मुतखडा वारंवार होणारे, उन्हात राबणारे, आणि गुडघेदुखीच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर घेणारे.

हा शेवटचा वर्ग माझ्या घरात होता. माझ्या बाबांना आठ वर्षं शुगर, गुडघे दुखायचे. औषधाच्या दुकानातून पेनकिलरची पट्टी आणायचे, सकाळ-संध्याकाळ एक. पट्टी टीव्हीवर ठेवलेली असायची. मी रोज बघायची. दिवसभर दुसऱ्यांचे क्रिएटिनिन वाचून घरी येणारी मी, त्या पट्टीकडे बघून पंखा लावायची आणि झोपायची. पोळ्याच्या दिवशी ते चपला घालत होते आणि चपलेचा अंगठा बसेना. पाय सुजले होते. "काऊन बा असं झालं," म्हणाले आणि हसले. तोवर लघवीला फेस येऊन वर्ष झालं होतं, ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, आणि कोणी विचारलंही नव्हतं. पुढे ते आमच्याच युनिटमध्ये यायला लागले, तीन नंबरच्या मशीनवर. त्यांना सुई मी कधी टोचली नाही. सहकाऱ्याला सांगायची आणि तेवढा वेळ स्टोअरमध्ये डायलायझर, म्हणजे मशीनच्या रक्त गाळायच्या जाळ्या, मोजत उभी राहायची.

टेबलाशी बसणाऱ्या पोराला एवढं शिकवा: "गोळ्या कोणत्या घेता?" असं विचारलं की लोक फक्त डॉक्टरांनी दिलेल्या सांगतात. "दुखण्यावर काय घेता?" असं वेगळं विचारायचं.

प्रश्न : मला नवऱ्याला किडनी द्यायची आहे, पण रक्तगट जुळत नाही. माझा बी, त्यांचा ए. जाऊबाई द्यायला तयार आहेत, चालेल का? — पत्नी, वर्धा

कायद्याने जवळचे नातेवाईक म्हणजे नवरा-बायको, आईवडील, मुलं, भाऊ-बहीण. २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा आणि नातवंडंही. जाऊबाई त्यात बसत नाहीत. त्यांचं प्रकरण मान्यता समितीपुढे जाईल आणि पैशाचा व्यवहार नाही हे पटवून द्यावं लागेल. त्याआधी अदलाबदलीबद्दल विचारा. दुसऱ्या एखाद्या जोडप्यात बायको ए आणि नवरा बी असेल, तर तुमची किडनी त्याला आणि तिची तुमच्या यजमानांना, असं करता येतं, कायद्याला मान्य आहे. रक्तगट न जुळताही प्रत्यारोपण होतं, पण खर्च आणि औषधं वाढतात. सोबतच मेंदूमृत दात्याच्या यादीत नाव नोंदवून ठेवा. विदर्भासाठी ती यादी नागपूरच्या झेडटीसीसीकडे, म्हणजे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे असते आणि नोंद तुमच्या प्रत्यारोपण केंद्रामार्फत होते. नंबर यायला वर्षं लागू शकतात, म्हणून आजच.

एक खाजगी प्रश्न विचारते. सासरी दीर किती आहेत? माझ्या डोळ्यांदेखत जेवढ्या किडन्या दिल्या गेल्या त्यांत आया, बायका आणि बहिणीच जास्त. भावांचं नेहमी काहीतरी निघतं.

प्रश्न : पैसे संपत आले. सरकारी योजनेत डायलिसिस होतं का? — कळमेश्वर

होतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं. आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, आणि पांढरं रेशनकार्डही चालतं. रेशनकार्ड, आधार आणि रिपोर्ट घेऊन योजनेतल्या दवाखान्यात जा आणि काउंटरवर नाही, आधी 'आरोग्यमित्र', म्हणजे योजनेचे मदतनीस, कुठे बसतात ते विचारा. कार्डावरचं आणि आधारवरचं नाव सारखं आहे ना, ते घरूनच पाहून निघा; निम्मे लोक त्यासाठी परत जातात. एसटीतही डायलिसिसच्या रुग्णांना सवलत आहे, आगारात चौकशी करा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, तीन वर्षांपासून डायलिसिसवर. डिसेंबरात पुण्याला नातीचं लग्न आहे. मुलगा म्हणतो, बाबा, व्हिडिओ कॉलवर बघा. — धरमपेठ

सर, जा. तिकीट काढा.

सोमवार-बुधवार-शुक्रवार असं तुमचं असेल तर नागपुरात शुक्रवारचं करून रात्रीच्या गाडीत बसा. सोमवारचं पुण्यात. तिथल्या सेंटरमध्ये जागा किमान महिनाभर आधी सांगून ठेवावी लागते. ते काविळीचे बी आणि सी आणि एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट मागतील, शिवाय तुमच्या इथल्या सेंटरकडून शेवटच्या तीन वेळांचा चार्ट, ड्राय वेट, रक्त गोठू नये म्हणूनचं हेपॅरिन किती देतात, फिस्टुला कुठल्या हाताला, आणि औषधांची यादी घ्या. हे सगळं एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये आणि त्याचे फोटो मुलाच्या मोबाइलमध्ये. फिस्टुलाच्या बाजूने खिडकी येईल असा बर्थ घेऊ नका, हात लोखंडावर दबतो. गाडीत घरचा डबा. लग्नात मठ्ठा आणि सोलकढी वाढायला येतील तेव्हा वाटीवर हात आडवा धरा. जिलबीचा एक वेढा, शुगर नसेल तर, मी पाहिला नाही असं समजा.

पुण्याच्या सेंटरला फोन कराल तेव्हा पहिली शिफ्ट मागू नका. दुपारची मागा. हळद सकाळी असते.